रोजच्या वापराला स्पोर्टी गाडी: तीन पेडल की दोन? (नागपूर)

नंदनवनकर
मंडळी, नवी गाडी घ्यायची आहे आणि घरात एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

रोजचा रस्ता नंदनवन ते बुटीबोरी एमआयडीसी. सकाळी सातला निघतो तेव्हा वर्धा रोड मोकळा असतो, गाडी पळवायला मजा येते. संध्याकाळी मात्र छत्रपती चौकातून रिंग रोडला वळलो की मानेवाड्यापासून घरापर्यंत सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. सुटीच्या दिवशी कधी रामटेक, कधी सिल्लेवानी घाटातून छिंदवाडा.

दोन गाड्या डोक्यात आहेत. व्हर्ना टर्बो (१.५ लिटर, ताकद १६० पीएस) आणि व्हर्टुस जीटी (१.५ टीएसआय, १५० पीएस). दोन्हीत ६ गिअरचा मॅन्युअल मिळतो आणि ७ गिअरचा डबल क्लच ऑटोमॅटिकही. सध्याची गाडी जुनी डिझेल, मॅन्युअल. बायकोचं म्हणणं, ऑटोमॅटिक नसेल तर ती चावीला हात लावणार नाही. माझं म्हणणं, गिअर आपण टाकत नसू तर ती स्पोर्टी कसली? तुमचा अनुभव काय?

तर्रीपोहे
वहिनी बोलल्या ना? मग धागा काहून काढला भाऊ?

क्लचवायर
मॅन्युअलच घे बे. ऑटोमॅटिकवाले काहीही सांगून राहिले तरी ऐकू नको. ट्रकला ओव्हरटेक मारायचा असला की आपण आधीच तिसरा टाकून ठेवतो. ऑटोमॅटिकमध्ये तू पाय दाबते, मग ते विचार करते, मग दोन गिअर खाली टाकते, तोवर समोरून एसटी येते. आपली गाडी आपल्या हातात पाहिजे.

महाल_गल्ली
क्लचवायर, तुम्ही शेवटची ऑटोमॅटिक कधी चालवली? तुम्ही सांगता ते जुन्या ४ गिअरच्या डब्यांना लागू होतं. डबल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच लावलेला असतो. १-३-५-७ एका क्लचवर, २-४-६ दुसऱ्यावर. एक सुटतो तेव्हाच दुसरा पकडतो, बस. तुमचा डावा पाय क्लचवर पोचेपर्यंत गिअर बदललेला असतो. आणि स्टेअरिंगच्या मागे बोटाने गिअर बदलायचे पॅडल असतातच, हवा तेव्हा तुम्हीच खाली टाका.

मी महालात राहतो. संध्याकाळी बडकस चौकातून मॅन्युअल गाडी काढून दाखवा, मग "आपली गाडी आपल्या हातात" म्हणा.

क्लचवायर
बडकस चौकातून गाडी काढतच नाही ना भाऊ. तिथं पायी जातो.

पेठेतला
एक मूलभूत दुरुस्ती. धाग्यातल्या दोन्ही गाड्या स्पोर्ट्स कार नव्हेत. चार दरवाजे, पाच माणसं, मोठी डिकी आणि पुढच्या चाकांना ताकद, याला सेडान म्हणतात. जोरदार इंजिनाची, पण सेडान. स्पोर्ट्स कार म्हणजे पोर्शे ९११, बीएमडब्ल्यू एम२ वगैरे. शीर्षक त्या मानाने दिशाभूल करणारं आहे.

तर्रीपोहे
आले पुण्याहून. अजून एकही प्रतिसाद कामाचा नाही आणि शुद्धिपत्र तयार.

नंदनवनकर
पेठेतले साहेब, शीर्षकात "स्पोर्टी" लिहिलंय, शेवटची वेलांटी वाचा. :) ९११ चं बजेट असतं तर बुटीबोरीला नोकरीला गेलो नसतो.

जुनी_व्हीटेक
पेठेतला यांचा मुद्दा चेष्टेवारी नेऊ नका, त्यातच उत्तर आहे. खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये आता हा वादच संपत आलाय. फेरारीने १९८९ ला फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टेअरिंगमागे पॅडल लावले आणि तिची पहिलीच शर्यत, ब्राझीलची, नायजेल मॅन्सेलने जिंकली. रस्त्यावरच्या गाडीत ते १९९७ ला एफ३५५ मध्ये आले. फोक्सवॅगनने २००३ ला गोल्फ आर३२ मध्ये डीएसजी, म्हणजे त्यांचा डबल क्लच, दिला. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, गोल्फ जीटीआय भारतात आली, २६५ पीएसची, तीही फक्त डीएसजी. कंपनीने त्या मॉडेलचा मॅन्युअलच बंद केलाय. जीटीआय या नावाला मॅन्युअल नाही, हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

बीएमडब्ल्यू एम२ हा सुखद अपवाद. ती आपल्याकडे ६ गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळते. गंमत म्हणजे कंपनीच्याच आकड्यांनुसार ०-१०० ला मॅन्युअल ०.२ सेकंदाने मागे पडते, तरी लोक ती मागवतात. म्हणजे वेगाचा निकाल लागून गेलाय, ऑटोमॅटिक जिंकलं. उरलाय तो हौसेचा प्रश्न. मी अजून १.५ व्हीटेकवाली जुनी होंडा सिटी ठेवून आहे, त्यामुळे माझं मत कुठे असेल ते सांगायला नको.

स्पॅनरमामा
माझं गॅरेज आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"मॅन्युअल की ऑटोमॅटिक" हा प्रश्नच अर्धवट आहे. ऑटोमॅटिक कोणतं, ते आधी विचारा. एक एएमटी: मॅन्युअलच गिअरबॉक्स, क्लच मोटर दाबते. स्वस्त, पण झटके देतो, स्पोर्टीच्या नावाने शून्य. दोन सीव्हीटी: गुळगुळीत, पण रेस दिली की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते. तीन टॉर्क कन्व्हर्टर: मध्ये तेल असतं, रांगायला सगळ्यात चांगला, दणकट. चार डबल क्लच: सगळ्यात चपळ.

आता डबल क्लचमध्येही दोन जाती. ओला म्हणजे क्लच तेलात बुडालेले, उष्णता तेल ओढून घेतं. कोरडा म्हणजे नेहमीच्या क्लचप्लेटसारखा, वाऱ्यावर थंड होतो. तुमच्या दोन्ही गाड्यांत कोरडा आहे. वर लिहिलेल्या गोल्फ जीटीआयमध्ये ओला आहे. स्वस्तात ओला हवा असेल तर टाटा अल्ट्रोझच्या डीसीए नावाच्या डबल क्लचमध्ये मिळतो, पण पिकअपमध्ये ती तुमच्या यादीच्या जवळपास नाही.

कोरड्याला सगळ्यात जास्त त्रास कशाचा? वेगाचा नाही. १४०-१५० ला तो मजेत असतो, कारण क्लच पूर्ण पकडलेला असतो. त्रास होतो ताशी ३-४ किलोमीटरने सरकण्याचा. तेव्हा संगणक सतत हाफ क्लच करत असतो, तुम्हाला फक्त कळत नाही. त्यात मे महिना, ४५ डिग्री, खाली डांबर तापलेलं, बोनेटखाली एसीचा कंडेन्सर गरम हवा फेकतोय. गेल्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं, गाडीचं नाव सांगत नाही. मीटरवर गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना, गाडी रस्त्यात उभी, मागे हॉर्नचा गोंधळ. अर्धा तास सावलीत ठेवली तर परत चालू. बिघाड काहीच नव्हता, यंत्र स्वतःला वाचवत होतं. पण भर उन्हात घरच्यांना घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे समजावणार कोण?

अनु_धरमपेठ
मामा, फार छान माहिती. म्हणजे मग कोरडा डबल क्लच नागपुरात घेऊच नये का? आमच्याकडे तोच आहे म्हणून विचारते.

स्पॅनरमामा
घ्या हो ताई, फक्त चालवायची रीत बदला. पुढचा हातभर सरकला की आपणही हातभर सरकायचं, ही सवय सोडा. एक गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदा नीट निघा, आणि परत थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा. ब्रेक दाबलेला असला की क्लच सुटतो, त्याला विश्रांती मिळते. सिग्नलला दरवेळी न्यूट्रल करायची गरज नाही. चढावर गाडी रेस देऊन धरून ठेवायची नाही, ते तर मॅन्युअलमध्येही क्लचप्लेट जाळायचं काम आहे.

महाल_गल्ली
गाडीभर जागा सोडली की त्यात दोन ई-रिक्षा आणि एक अ‍ॅक्टिव्हा शिरते मामा. नागपूर आहे हे.

स्पॅनरमामा
शिरू द्या. क्लचपेक्षा अ‍ॅक्टिव्हा स्वस्त.

अनु_धरमपेठ
हाहा.

आमच्या घरी उलट चित्र आहे. नवऱ्याला ऑटोमॅटिक आवडते आणि मला मॅन्युअल. माझी जुनी पोलो होती तोवर सकाळी सेमिनरी हिल्सवरून मुद्दाम लांबून जायचे. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना थोडी रेस दिली की गिअर कसा लोण्यासारखा बसतो, ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. आता जी आहे ती वेगवान आहे, शंकाच नाही, पण मी तिच्यात बसून असते, चालवत नाही असं वाटतं. तरी सदरच्या सिग्नलला मी एकदाही जुन्या गाडीची आठवण काढत नाही, हेही खरं.

नंदनवनकर, एक विचारू? वहिनींना ऑटोमॅटिकच हवी आहे, की तुमच्या त्या डिझेलचा जड क्लच नको आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या डिझेलचा क्लच दाबून माझाही गुडघा बोलायचा. आताच्या पेट्रोल टर्बोचे क्लच त्या मानाने पुष्कळ हलके असतात.

लीड्सवाला_वऱ्हाडी
इकडे इंग्लंडात ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं, मॅन्युअल चालवता येत नाही. म्हणून मी हट्टाने मॅन्युअलवर दिली. आता रोजची गाडी ऑटोमॅटिक आहे. गावी आलो की अमरावतीला काकांच्या जुन्या जीपवर भूक भागवतो. काका म्हणतात, "बाबू, तुह्या लंडनात गिअर नाही भेटत का?"

विद्युतवेग
इलेक्ट्रिक घ्या. एकच गिअर, क्लच नाही, गरम व्हायला गिअरबॉक्सच नाही, पिकअप पाय ठेवताक्षणी. २०२६ मध्ये हा वाद म्हणजे...

क्लचवायर
आला. मी वाटच पाहून राहिलो होतो.

जुनी_व्हीटेक
विद्युतवेग, तुमच्या माहितीसाठी: ह्युंदाईने आयोनिक ५ एन नावाच्या ६५० पीएसच्या इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर दिलेत. बदलताना झटका बसतो, स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. लोकांना गिअर नको असते तर कंपनीने एवढा खटाटोप केला नसता.

विद्युतवेग
खोटा झटका पैसे देऊन! धन्य आहे.

तर्रीपोहे
धागा छिंदवाड्याला निघाला होता, बॅटरी चार्ज करायला सावनेरलाच थांबला.

क्लचवायर
छिंदवाड्यावरून आठवलं. घाट उतरताना ऑटोमॅटिकवाले काय करते ते पाहिलं आहे का? डी मध्ये टाकून ब्रेकवर ब्रेक. परतवाड्याहून चिखलदरा करून आलेल्या गाड्यांचा खाली जळका वास येते. मॅन्युअलमध्ये दुसरा टाकला, विषय संपला.

महाल_गल्ली
इथे मात्र क्लचवायरशी सहमत, पण दोष गाडीचा नाही. पॅडल मारून किंवा लिव्हर एम (मॅन्युअल) मध्ये घेऊन दुसरा-तिसरा धरून ठेवता येतो, इंजिन तेवढंच रोखतं. शोरूमवाला डिलिव्हरीच्या दिवशी हार घालतो, फोटो काढतो, केक कापतो. हे मात्र कोणी सांगत नाही.

पेठेतला
अ‍ॅव्हरेजबद्दल कोणीच बोललं नाही. ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त पितं ही समजूत या गाड्यांना लागू नाही. व्हर्ना टर्बोचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे २० किलोमीटर, डबल क्लचला २०.६. प्रत्यक्षात गर्दीत दोन्हीही त्याच्या आसपास फिरकणार नाहीत, पण कारण गिअरबॉक्स नसून उजवा पाय असतो.

दुसरं, समृद्धी महामार्ग. मी पुण्याचा असलो तरी सासर नागपूरचं आहे. (आता कळलं ना, मी इथे का?) त्या सरळ रस्त्यावर, १२० च्या मर्यादेत, मॅन्युअल काय आणि ऑटोमॅटिक काय, सहाव्या-सातव्यात टाकलं की तासन्‌तास हात लावायचं काम नाही. तिथे प्रश्न झोपेचा आणि टायरांचा आहे. गिअरबॉक्सची परीक्षा तिथे घेऊ नका.

तर्रीपोहे
जावईबापू! आधी सांगायचं ना. मागचा टोमणा परत घेतो. पुढच्या वेळी आले की तर्री आपल्याकडून.

महाल_गल्ली
विकतानाचं बोला जरा. आपल्याकडे जुन्या बाजारात गिऱ्हाईक कोणत्या गाडीला जास्त?

स्पॅनरमामा
साध्या गाडीत ऑटोमॅटिकला मागणी वाढली आहे. पण वॉरंटी संपलेला डबल क्लच म्हटलं की घेणारा दचकतो आणि भाव पाडतो. मॅन्युअलची क्लचप्लेट कोणत्याही गॅरेजात बदलून मिळते. डबल क्लचला कंपनीचा संगणक लागतो, खास पाने लागतात, बिल बघून माणूस खाली बसतो. म्हणून नवी घेताना वाढीव वॉरंटी घ्याच. सीटकव्हर आणि लाइट लावण्यात पैसे घालवण्यापेक्षा ते बरं.

नंदनवनकर यांना अजून एक पर्याय: व्हर्टुसचाच १ लिटर टीएसआय, ६ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरसह. ११५ पीएस. गर्दी आणि ऊन दोन्हीला न घाबरणारा.

क्लचवायर
मामा, माणूस स्पोर्टी मागून राहिला आणि तुम्ही त्याले वरण-भात वाढून राहिले.

नंदनवनकर
सगळ्यांचे आभार. काल-परवा टेस्ट ड्राइव्ह घेतल्या. शोरूमच्या मुलाला सांगितलं, तुझा ठरलेला रस्ता नको, मी सांगतो तिथे चल, आणि वेळ संध्याकाळचीच. तो जरा कुरकुरला, पण आला.

आधी डबल क्लच. मानेवाड्याच्या गर्दीत मामांनी सांगितलेलं अगदी जाणवलं. ब्रेक सोडला की गाडी क्षणभर थांबते, मग निघते, आणि पहिल्या-दुसऱ्यात तिची चुळबुळ चालू असते. वाईट नाही, पण कळते. मग वर्धा रोडला घेतली, लिव्हर एस (स्पोर्ट) मध्ये टाकला, जरा मोकळं मिळाल्यावर पॅडलने चौथ्यातून तिसऱ्यात आणली आणि पाय दाबला. मंडळी, मी मॅन्युअलवाला माणूस आहे, पण गिअर इतका झटपट पडला की शोरूमचा मुलगा वरचं हँडल धरून बसला.

मग मॅन्युअल. बायको मागे बसली होती. अनुताईंचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला होता, म्हणून परतताना म्हणाली, द्या इकडे. रिंग रोडवरून घरापर्यंत तिने आणली. एकदा बंद पडली, कारण या टर्बोला खाली जोर कमी आहे, १५०० आरपीएमच्या आत नुसता क्लच सोडून डिझेलसारखी निघत नाही, थोडी रेस लागते. उतरल्यावर म्हणाली, क्लच किती हलका आहे, हीच घेऊ, स्वस्तही आहे.

आता ती मॅन्युअल म्हणतेय आणि माझ्या डोक्यातून ते पॅडल जात नाही. एक लिटरवाली पण चालवली. गर्दीत तिघींत सगळ्यात शहाणी तीच, पण दीड लिटरनंतर पिकअप अळणी वाटला.

तर्रीपोहे
आता तुम्ही दोघं वेगवेगळे धागे काढा.

अनु_धरमपेठ
वा! वहिनींना माझा नमस्कार सांगा. तुम्ही रोज एकटे जाता आणि तो तास तुमचा आहे. पण त्या तासातला अर्धा भाग गर्दीत जातो, आणि गर्दीत पॅडलचा काडीचा उपयोग नाही, हे विसरू नका. सकाळच्या वीस मिनिटांसाठी गाडी घ्यायची की संध्याकाळच्या चाळीस, ते ठरवा. मी असते तर सकाळसाठी घेतली असती.

क्लचवायर
वहिनींनी निकाल दिला. मॅन्युअल. पेढे पाठवा.

महाल_गल्ली
संध्याकाळची चाळीस मिनिटं रोज आहेत. डबल क्लच घ्या, वाढीव वॉरंटी घ्या, पॅडल हाणा. मे-जूनमध्ये ऑफिसमधून अर्धा तास उशिरा निघा, ऊनही उतरतं आणि गर्दीही.

नंदनवनकर
डीलरकडे दोन्हींना वेटिंग विचारलं. मॅन्युअल यायला जास्त वेळ लागेल म्हणाला, मागवणारे कमी आहेत. बायको म्हणते थांबू. मी वाढीव वॉरंटीचे कागद मागवले आहेत, कलमं वाचतोय. त्यात क्लचप्लेट झिजण्याच्या गोष्टीत मोडते की नाही, कोणी सांगेल का?

स्पॅनरमामा
मॅन्युअलची क्लचप्लेट सहसा झीज म्हणून बाहेर काढतात. डबल क्लचचं तोंडी उत्तर ऐकू नका, "क्लच असेंब्ली" आणि "मेकॅट्रॉनिक" (गिअर आणि क्लच हलवणारा संगणकी भाग) हे दोन शब्द कव्हरमध्ये आहेत का ते लेखी घ्या. नसतील तर ती वॉरंटी घेऊन उपयोग नाही.

वाचनमात्र_होतो
इतके दिवस फक्त वाचत होतो, या धाग्यामुळे आयडी काढला. वापरलेली डबल क्लच गाडी बघतोय, चार वर्षं जुनी. मामा, काय तपासू?

स्पॅनरमामा
गाडी थंड असताना बघू नका, तेव्हा सगळ्याच चांगल्या असतात. अर्धा तास गर्दीत फिरवा, मग सपाट जागेवर ब्रेक हळूच सोडा. निघताना थरथर आली तर क्लच संपत आलाय. मग रिव्हर्स टाका: लागायला वेळ लागला किंवा खट्ट आवाज आला तर सोडून द्या. उड्डाणपुलाच्या चढावर थांबून परत निघून बघा. सर्व्हिसचे कागद बघा, गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट झालंय का विचारा. आणि पैसे द्यायच्या आधी स्कॅनर लावून घ्या, जुने एरर पुसलेले असले तरी क्लचची झीज त्यात दिसते. गॅरेजचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, रविवारी बंद असतं.